वाचल्याची पोच मागणाऱ्या वरिष्ठ कार्यालयांना खुलं पत्र

प्रति,
जिल्हा व तालुका पातळीवरच्या वरिष्ठ कार्यालयांतले सर्व सन्माननीय अधिकारी, तसेच आस्थापना आणि बारनिशी (आवक-जावक टपाल) शाखेतले माझे सहकारी

विषय : ईमेलवर 'वाचल्याची पोच' (मेल उघडला की पाठवणाऱ्याला जाणारी 'रीड रिसीट') मागण्याबाबत आणि त्या पोचेवरून कारणे दाखवा नोटिसा काढण्याबाबत.
संदर्भ : मला मिळालेली नोटीस (क्रमांक मुद्दामच देत नाही).

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, माझ्याविरुद्ध सध्या एक पोच आहे. ती मी दिलेली नाही. संगणकाने दिली.

एवढं एक वाक्य सरकारी झालं, आता साधं लिहितो.

मी वऱ्हाडातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कनिष्ठ सहायक आहे. गावाचं नाव लिहीत नाही, जिल्ह्याचंही नाही. कोणाला उघडं पाडायची हौस मला नाही, आणि तक्रार कोणा एका साहेबांची नाहीच. ग्रामपंचायतीत, शाळेत, कृषी कार्यालयात बसणारे माझे दोस्तही हेच सांगतात, फक्त पत्रातला विषय बदलतो. आमच्या केंद्रात एक संगणक आहे, एक प्रिंटर आहे आणि एक ईमेल आयडी आहे. तो आयडी चौघं जण उघडतात: वैद्यकीय अधिकारी मॅडम, औषध निर्माण अधिकारी, कंत्राटी डाटा ऑपरेटर आणि मी. लाईट असली तर.

नोकरीला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं तालुक्याला बारनिशीत काढली. आवक नोंदवही, जावक नोंदवही, आणि टेबलावर गोल शिक्का. पॅड कायम सुकलेलं, थेंबभर पाणी टाकून चालवायचं. कोणी कागद आणला की दुय्यम प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि खाली माझी सही. साहेबांनी कागद वाचला असा दावा त्या शिक्क्याने कधी केला नाही. कागद या दारातून आत आला आणि घेणारा माणूस हा, इतकंच तो सांगायचा. खोटं बोलायची त्याला सोयच नव्हती.

ईमेलच्या पोचेला ती सोय आहे. कशी, ते आमच्याच केंद्राचं उदाहरण देऊन सांगतो.

तीन वर्षांपूर्वी वरून तोंडी आदेश आला की यापुढे प्रत्येक मेलची 'वाचल्याची पोच' आली पाहिजे. वरच्या कार्यालयात मेलसाठी आउटलुक हा प्रोग्रॅम वापरतात. तिथे कोणीतरी सरसकट सगळ्या मेलना पोच मागण्याची खूण करून ठेवली. आमचा आयडी मात्र जीमेलवरचा, फुकटातला. जीमेलच्या साध्या खात्याला वाचल्याच्या पोचेची सोयच नाही. ती संस्थेच्या नावाने घेतलेल्या खात्यांना मिळते, आणि तिथेही संस्थेच्या प्रशासकाने चालू ठेवली तर. म्हणजे आम्ही मेल उघडायचो, वाचायचो, उत्तरही द्यायचो, पण पोच काही जायची नाही. पुढच्या मासिक सभेत 'मेल न पाहणाऱ्या संस्था' अशी यादी पडद्यावर आली आणि त्यात आम्ही दुसरे. उभा राहून समजावून सांगितलं, तर प्रश्न आला, "मग बाकीच्यांची कशी येते?"

बाकीचे हाताने लिहीत होते. प्रत्येक मेलला उलट उत्तर: "वाचले." मीही सुरू केलं. एका दिवशी सोळा वेळा "वाचले" टाइप केलं, आणि त्या सोळांपैकी एकही पत्र त्या दिवशी धड वाचून झालं नाही, कारण दिवस "वाचले" लिहिण्यातच गेला.

मग आमच्या ऑपरेटरला, पोरगा हुशार आहे, युक्ती सुचली. त्याने तोच आयडी संगणकावरच्या आउटलुकमध्ये जोडला आणि 'नेहमी पोच पाठवा' असं ठरवून टाकलं. आउटलुकमध्ये बाजूच्या चौकटीत मेल आपोआप दिसतो. यादीत एकावरून दुसऱ्यावर गेलं की पहिला 'वाचलेला' होतो आणि पोच निघते. खालच्या बाणाचं बटण दाबत गेलं की वीस मेल अर्ध्या मिनिटात वाचून होतात. आमची संस्था एका आठवड्यात तालुक्यातली सर्वांत तत्पर संस्था झाली. सभेत कौतुक झालं. मी टाळ्यांना मान डोलावली, हे कबूल करतो.

आता त्या संध्याकाळबद्दल.

सप्टेंबर महिना, पऱ्हाटी (कपाशी) छातीला लागलेली. असल्या उंच पिकात फवारणी केली की फवारा उलटून तोंडावर येतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून या दिवसांत फवारणीचा पेशंट आला म्हटलं की आमच्याकडे सगळे हातातलं टाकून धावतात. साडेपाचच्या सुमारास एका सालदाराला मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून आणलं. मान पडलेली, तोंडाला फेस, अंगातला सदरा औषधाने ओला. मॅडम ओरडल्या, "आधी कपडे उतरवा, साबणानं धुवा." शिपाई काका आणि मी त्याला मागच्या नळापाशी धुतला. सिस्टरनी शीर शोधली, मॅडमनी ॲट्रोपिन, म्हणजे विषावरचा उतारा, सुरू केलं. मी 108 ला फोन लावायला पाण्याच्या टाकीपाशी पळालो, कारण आमच्या आवारात रेंज तेवढ्याच ठिकाणी येते. त्याचा भाऊ माझ्या मागे मागे. "भाऊ, गाडी येऊन ऱ्हायली का?" येऊन ऱ्हायली, म्हटलं. अजून फोन लागला नव्हता.

आत ऑपरेटर संदर्भ चिठ्ठी छापत होता. मॅडम तोंडी सांगत होत्या, तो टाइप करत होता. त्या घाईत आउटलुकची खिडकी मधे आली, त्याने ती बाजूला केली, कुठेतरी बोट पडलं. गाडी सव्वासहानंतर आली. पेशंटला उपजिल्हा रुग्णालयात नेलं. दिवाळीनंतर हाच माणूस पोरीला लस द्यायला घेऊन आला होता, बाहेरच्या बाकावर बसून चहा पीत होता.

तो वाचला. पत्र मात्र वाचायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस. तिचा मजकूर असा की संगणकीय पोचेनुसार सदर पत्र आपण सायंकाळी 5 वाजून 52 मिनिटांनी वाचलेले असूनही विहित मुदतीत माहिती सादर केली नाही, सबब चोवीस तासांत खुलासा करावा. पत्र आलं होतं 5.40 ला. मुदत होती 6 ची. विषय होता: संस्थेतील वापरण्यायोग्य व निरुपयोगी खुर्च्यांची माहिती, निरंक असल्यास निरंक.

साहेब, मी खुलासा दिला आहे. त्यात पेशंटचं लिहिलं आहे. पण मला जो मुद्दा मांडायचा आहे तो पेशंटचा नाही. समजा त्या संध्याकाळी केंद्रात एकही पेशंट नसता आणि मी बाहेर टपरीवर असतो, तरी ती पोच खोटीच ठरली असती. ज्याच्या बोटाने ती गेली त्याने पत्र पाहिलं नाही, ज्याच्या नावाने नोटीस निघाली तो खोलीत नव्हता, आणि ज्यांना माहितीवर सही करायची होती त्यांचे हात सलाइनवर होते. पोचेवर वेळ होती. माणूस नव्हता.

हे मी माझ्या मनचं बोलत नाही. ईमेल कसा चालावा याचे जे आंतरराष्ट्रीय तांत्रिक दस्तऐवज आहेत, त्यात वाचल्याच्या पोचेसाठी 2017 चा आरएफसी 8098 आहे. त्यात चक्क लिहून ठेवलं आहे की या पोचेचा अर्थ एवढाच: ती पेटी उघडून बसलेल्या कोणाला तरी मेल पडद्यावर दाखवला गेला. तो वाचला गेला किंवा समजला, याची हमी नाही. त्याच कागदात अशीही जोरदार शिफारस आहे की पोच पाठवण्याआधी पेटीच्या मालकाची संमती घ्यावी. म्हणजे ज्यांनी ही सोय बनवली त्यांनाच ती इतकी पक्की वाटली नाही. आपण तिच्यावर शिस्तभंग उभा केला.

पत्र पोहोचलं हे सिद्ध करायचं असेल तर त्यासाठी वाचल्याची पोच लागतही नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चं कलम 13 सांगतं की मिळवणाऱ्याने ठरवून दिलेल्या संगणक यंत्रणेत संदेश शिरला की तो मिळाला. आमचा आयडी आपल्याकडे नोंदलेला आहे. मेल परत आला नाही म्हणजे तो पोहोचला, मला मान्य आहे. पोहोचणं ही कायद्याची गोष्ट आहे. वाचणं ही माणसाची गोष्ट आहे, तिला वेळ द्यावा लागतो.

वेळेचंच निघालं म्हणून. राज्याचा 2005 चा एक कायदा आहे, ज्याला आपण सगळे 'बदल्यांचा कायदा' म्हणतो. त्याचं अर्धं नाव मात्र विलंबास प्रतिबंध असं आहे. त्याच्या कलम 10 प्रमाणे कोणाही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. बदल्यांचा भाग आपल्याला तोंडपाठ आहे, मलाही आहे. हा दुसरा भाग कोणी काढत नाही. फाइलला सात दिवस, आणि खुर्च्यांना वीस मिनिटं!

आता नाण्याची दुसरी बाजू. ही लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

मे महिन्यात आमच्या आयएलआरचा स्टॅबिलायझर जळाला. आयएलआर म्हणजे लसी ठेवायचा फ्रीज. त्यात लस 2 ते 8 अंशांत राहावी लागते, आणि बाहेर आपल्याकडे मे महिन्यात काय असतं ते आपल्याला सांगायला नको. सकाळी तापमान लिहायला गेलेल्या सिस्टरनी हाक मारली, काटा 11 वर होता. तासाभरात सगळी लस आइसपॅक घालून शेजारच्या केंद्रात हलवली, 19 किलोमीटर. मग मी वर मेल टाकला. आणि यावेळी मीही ती खूण केली: वाचल्याची पोच हवी.

पोच नऊ मिनिटांत आली. मन भरून आलं. चार दिवसांनी दुसरा मेल, त्याची पोच त्याच दुपारी. तिसरा मेल, पोच तीन मिनिटांत. चौथा मेल, पोच रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडेही कोणीतरी बिचारा रात्री बसलाच होता. चारही पोचा मी छापून ठेवल्या आहेत. उत्तर एकाचंही नाही. तेवीस दिवस लसीकरणाच्या प्रत्येक वारी शिपाई काका पहाटे आपल्या स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या पेट्रोलने, व्हॅक्सिन कॅरिअर पुढ्यात धरून 19 किलोमीटर जाऊन लस आणत होते. चोविसाव्या दिवशी मी कागद छापला, मॅडमची सही घेतली, एसटीने गेलो आणि बारनिशीत गोल शिक्का मारून घेतला. दोन दिवसांत मेकॅनिक आला.

शिक्का मारणारे बाबू माझ्याच वयाचे. हसून म्हणाले, "मेल तं रोज दोनशे येतेत, भाऊ. कागद हातात आला म्हणून दिसला." मला त्यांचा राग आला नाही. दोनशे मेल मीही वाचू शकलो नसतो. पण मग एक विचारतो. आपली नऊ मिनिटांची पोच जर 'वाचलं' याचा पुरावा नाही, तर माझी 5.52 ची कशी?

व्हॉट्सॲपबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. 2014 मध्ये निळ्या टिका आल्या आणि त्याच महिन्यात त्या बंद करायची सोयही आली, पण ग्रुपमध्ये ती चालत नाही. ग्रुपवर मेसेजच्या माहितीत जाऊन कोणी वाचलं याचा फोटो काढायचा, उत्तर न देणाऱ्यांच्या नावांना लाल गोल करायचा आणि तो फोटो त्याच ग्रुपवर टाकायचा, ही पद्धत कृपया थांबवा. त्या लाल गोलांत आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर असतात. त्यांच्या गावात रेंज शाळेच्या ओट्यावर येते. त्या ओट्यावर जाऊन मेसेज उघडतात, निळी टिक जाते, आणि उत्तर लिहीपर्यंत रेंज गेलेली असते.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. दोन वर्षांपूर्वी मीच उपकेंद्रांच्या सिस्टरना सांगून ठेवलं होतं की माझा मेल आला की "वाचले" असं कळवा. जवळजवळ सगळ्यांनी कळवलं, माहिती एकीनेही पाठवली नाही. वैतागून एकीला फोन केला. ती म्हणाली, "भाऊ, वाचलं ना मी. पण काय करायचं ते तुम्ही लिहिलंच नव्हतं, फक्त 'सोबत पत्र जोडले आहे' होतं. आणि सोबत पत्रच नव्हतं." पाहिलं तर खरंच नव्हतं. तेवीस जणींपैकी बावीस जणींनी "वाचले" लिहिलं होतं. काय वाचलं, ते त्याच जाणोत.

आपल्यावरही वरून दबाव असतो, हे खाली बसणाऱ्याला दिसत नाही असं समजू नका. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन लागलं आणि तारांकित प्रश्न आला की मंत्रालय आपल्याला विचारतं, आपण तालुक्याला, तालुका आम्हाला, आणि उत्तर त्याच दिवशी लागतं. साथीचा रोग असतो, न्यायालयाचं प्रकरण असतं. तिथे मुदत तासांचीच असणार. अशा वेळी मेल टाकून फोन करा. मी रात्री अकरालाही उचलीन, आजवर उचललाच आहे. पण खुर्च्या, बॅनरचे फोटो, मागच्याच महिन्यात दिलेली माहिती नव्या तक्त्यात भरून, यांनाही जर 'अत्यंत तातडीचे' लिहिलं, तर खरं तातडीचं पत्र त्या ढिगात सापडत नाही.

तर मागण्या. फार नाहीत.

सरसकट सगळ्या मेलना वाचल्याची पोच मागणं बंद करावं. संगणकावरची एक खूण काढायची आहे, तिला अनुदान लागत नाही. जिथे पोच खरोखर हवी, तिथे पत्रातच तसं लिहावं आणि ती माणसाकडून, नावानिशी घ्यावी: पत्र मिळाले, अमुक तारखेपर्यंत माहिती देतो, सही.

केवळ संगणकाच्या पोचेवरून कोणालाही नोटीस काढू नये, आणि या कारणाने ज्यांना आधी काढल्या आहेत त्या मागे घ्याव्यात. माझी शेवटी घेतली तरी चालेल. पण एका अंगणवाडी पर्यवेक्षिकाबाईंना बाळंतपणाच्या रजेत असताना निघाली आहे, कारण त्यांचा मेल त्यांच्या बदली आलेल्या बाईंनी उघडला. ती आधी घ्या.

साध्या माहितीला किमान एक पूर्ण कामाचा दिवस द्यावा. विषयाच्या ओळीत शेवटची तारीख लिहावी, म्हणजे मेल न उघडताही कळेल. आणि कोणी करायचं तेही लिहावं. 'सर्व संबंधित' नावाचा कर्मचारी आमच्याकडे भरलेला नाही.

आणि आमच्या मेलची पोच आपल्याकडून गेली असेल, तर सात कामाच्या दिवसांत उत्तर यावं. "निधी नाही", "पुढच्या महिन्यात बघू", काहीही चालेल. नाही म्हटलेलंही उत्तरच असतं, शिपाई काकांना निदान सांगता येतं की पेट्रोल अजून किती दिवस टाकायचं.

या पत्राची एक प्रत येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीने घेऊन येतो आहे, बारनिशीत द्यायला. दुय्यम प्रत सोबत असेल. शिक्क्याच्या पॅडला थेंबभर पाणी टाकून ठेवावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक कनिष्ठ सहायक

ता. क. : खुर्च्यांची माहिती तिसऱ्या दिवशी पाठवली होती, ती मिळाल्याचं कोणी कळवलं नाही, म्हणून पुन्हा देतो. एकूण खुर्च्या 19. निरुपयोगी 6. निरुपयोगींपैकी रोज वापरात 4.